काठी कुणाच्या मापाची?

ट्राउट हा फार चोखंदळ मासा आहे, हे इंग्रजांनी इतक्या वेळा आणि इतक्या जाड पुस्तकांतून सांगितलं आहे की एव्हाना खुद्द ट्राउटलाही ते पटलं असावं. हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नितळ नद्यांवर मासे गरवणाऱ्या फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली तरंगत्या बनावट माश्या कशा बांधाव्यात यावर एक ग्रंथच लिहिला. पाण्यावर त्या घटकेला जो कीटक उडतो आहे, नेमक्या त्याच रंगाची आणि मापाची नक्कल पिसांनी आणि रेशमाने गळावर बांधायची आणि ती माशाच्या पुढ्यात अलगद उतरवायची, हा त्यांचा धर्म. पुढे जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या वकिलांनी 1910 साली, पाण्याखालच्या अळीची नक्कलही चालायला हरकत नाही, असं पुस्तकातून सुचवलं. त्यावरून धर्म बुडाल्याची ओरड झाली ती पुढची दोन-तीन दशकं थांबेना. शेवटी 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादसभा भरली. त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळला; पण सभेतल्या सभासदांपुढचा प्रश्न ट्राउटने काय गिळावं हा होता, आणि तो त्यांना अधिक निकडीचा वाटला यात काही गैर नाही. ज्याचं त्याचं क्षेत्र असतं.

त्याच पाण्यात पाइकही राहतो. त्याच्यासाठी कोणी सभा भरवली नाही. नदीची राखण करणाऱ्या माणसाला तो दिसला की जाळं, फास, जे हाताला लागेल त्याने बाहेर काढायचा, एवढंच त्याच्याबाबतचं धोरण. इंग्रजांनी माशांतही वर्णव्यवस्था आणलेली आहे: सॅल्मन आणि ट्राउट हे कुलीन, उरलेले बहुतेक सगळे भरड. पाइक भरडातला, आणि त्याच्या वागण्यात याची खंत कुठे दिसत नाही. लांबोडकं हिरवट अंग, त्यावर फिकट ठिपके, चपटा पसरट जबडा आणि त्यात शेकडो दात. टाळूवरचे दात घशाच्या दिशेने कललेले, म्हणजे आत आलेल्याने परतीचा विचार करू नये अशी सोय. पाठीवरचा पर पार मागे, शेपटीपाशी. त्यामुळे जागच्या जागी निश्चल राहून एका झेपेत सुटण्याचं कसब. पाणगवतात दबा धरायचा आणि समोरून जे जाईल ते खायचं: मासे, बेडूक, पाणउंदीर, बदकाची पिल्लं आणि वेळ पडली तर सख्खी भावंडं. 1496 साली वेस्टमिन्स्टरला छापलेला, मासे गरवण्यावरचा इंग्रजीतला पहिला छापील निबंध ट्राउट-ग्रेलिंगसाठी महिन्यांच्या हिशेबाने बारा माश्या नेमून देतो. पाइकपाशी आल्यावर मात्र लेखणी मोकळी सुटते. आमिष लावलेली दोरी पाळीव हंसाच्या पायाला बांधा, आणि हंस जिंकतो की पाइक ते काठावरून पाहत बसा, असा सल्ला तिथे आहे. हंसाचं मत विचारल्याची नोंद नाही.

आता काळ फिरला आहे. आयर्लंडची तळी, स्वीडनची बाल्टिककाठची उथळ खाडीपात्रं, नेदरलँड्समधले शेतांमधले पाट, कॅनडातले सरोवरांचे जिल्हेच्या जिल्हे, या सगळीकडे लोक आता हौसेने, आणि बरेच पैसे खर्चून, पाइकला माशी टाकतात. त्यातले पुष्कळ जण ट्राउटकडून आलेले असल्यामुळे ट्राउटच्या सवयीही बरोबर आणतात. पहिली सवय म्हणजे मासा डोळ्यांपुढे ठेवून सामान घेणं. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘पाइक केवढा होतो?’ दुकानदार 1986 साली जर्मनीत मिळालेल्या, 25 किलोच्या जागतिक विक्रमी माशाचा हवाला देतो, गिऱ्हाईक भिंतीवरची सगळ्यात दणकट काठी उतरवून घेतं आणि दोघंही समाधानाने निरोप घेतात. माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. पाइकसाठीची काठी माशाच्या मापाची घ्यायची नसते. ती माशीच्या मापाची घ्यायची असते. आणि हे एकदा मान्य केलं की या खेळातलं निम्मं गूढ आणि निम्मा खर्च आपोआप गळून पडतो. बहुधा म्हणूनच ते फारसं कोणी मान्य करत नाही.

यामागचं कारण साधं आहे. कोकणात खडकावर बसून गरवणारा माणूस दोरीला शिसं बांधतो; शिसं पुढे उडतं आणि दोरी त्याच्या मागून जाते. माशीच्या खेळात याच्या उलट घडतं. टोकाला चिमूटभर पिसं आहेत, त्यांना वजन असं नाहीच. म्हणून वजन दोरीतच भरलेलं असतं, आणि हवेत वेटोळं उलगडत जाणारी ही जाड दोरी माशीला आपल्या मागे फरफटत नेते. दोरीला जो नंबर असतो तो तिच्या पुढच्या 30 फुटांच्या वजनावरून पडतो. 5 नंबरच्या दोरीचे हे 30 फूट साधारण 9 ग्रॅमचे, 9 नंबरचे साधारण साडेपंधरा ग्रॅमचे. काठीवर छापलेला आकडा म्हणजे त्या काठीने कुठल्या नंबरची दोरी पेलायची त्याचा आकडा. माशाचं वजन त्या काठीवर कुठेही लिहिलेलं नसतं, भिंग घेऊन शोधलं तरी. ट्राउटची माशी नखाएवढी; तिला 5 नंबरची दोरी आरामात घेऊन जाते. पाइकची माशी वीतभर, कधी त्याहून लांब, आणि वर पाणी प्यायलेली. तिला 5 नंबरच्या काठीने फेकू जावं तर दोरी पुढे जाते, माशी मागे राहते आणि थोड्या वेळाने, वाऱ्याच्या मर्जीनुसार, फेकणाऱ्याच्या कानाशी येऊन पोचते. तिच्यात बोटाएवढा गळ असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे जाड दोरी आणि तिला पेलणारी काठी का हवी हे वेगळं सांगावं लागत नाही.

माशाच्या वजनावरून काठी ठरते असं ज्यांना वाटतं त्यांनी बहामातल्या उथळ समुद्राकडे पाहावं. तिथला बोनफिश बहुतेक वेळा दोन-तीन किलोचा, तरी त्याच्यासाठी 8 नंबरची काठी नेतात. कारण तिथे वारा असतो आणि वाऱ्यात हलकी दोरी जात नाही. पाइक त्याच्या तिप्पट वजनाचा मिळाला तरी त्याला 9 नंबर पुरतो. शिवाय बोनफिश एका दमात शंभर मीटर दोरी घेऊन क्षितिजाकडे निघून जातो आणि रीळ किंचाळत राहतं. पाइकला लांब पळण्याची आवड नाही. तो दबा धरणारा प्राणी, त्याची सगळी ताकद पहिल्या झेपेत. गळ लागला की दोन-तीन जबरदस्त हिसके देतो, होडीखाली एक बुडी मारतो, डोकं झाडतो आणि मग बऱ्यापैकी व्यवहारी भूमिका घेतो. त्यामुळे रिळावर पगाराचा मोठा हिस्सा घालवण्यात अर्थ नाही. पाइकच्या बाबतीत रिळाचं मुख्य काम दोरी गुंडाळून ठेवणं हे आहे. तो पैसा दोरीवर घालावा. ज्या दोरीचं वजन पुढच्या टोकाशी एकवटलेलं आहे आणि जिचं टोक शेवटी एकदम निमुळतं होत नाही, अशी दोरी मोठी माशी उलथवून सरळ पसरते. बेताची काठी आणि चांगली दोरी यांच्यावर दिवस निघतो. भारी काठी आणि चुकीची दोरी असेल तर निघतो तो फक्त खांदा. काठी नऊ फुटांची, 9 नंबरची. माश्या लहान ठेवायच्या असतील तर 8, वारा फार आणि माश्या फार मोठ्या असतील तर 10. काठ्यांचा विषय खरं तर इथे संपतो, पण दरवर्षी नवीन काठ्या बाजारात येत असल्यामुळे तो संपू देता येत नाही.

आता माशी. इथे माझ्या म्हणण्याला पुरावा पुरवतात ते माशी बांधणारेच. पाइकच्या डब्यात हमखास सापडणारी ‘डिसीव्हर’ ही माशी लेफ्टी क्रे या अमेरिकन गृहस्थांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या पट्टेदार बास माशासाठी बनवली. 1991 साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर तिचं चित्र आलं. एवढा मान कुठल्याही पाइकला मिळाल्याचं ऐकिवात नाही. तिची रचना पाहिली तर काय दिसतं? कोंबड्याची लांब पिसं गळाच्या अगदी मागच्या बाजूला बांधलेली, म्हणजे फेकताना ती गळाभोवती गुंडाळू नयेत. पुढे हरणाच्या शेपटीच्या केसांची झालर, म्हणजे पाण्यात अंग भरल्यासारखं दिसावं. आणि पाण्यातून उचलली की सगळं चपटं होऊन पाणी झटकलं जावं, म्हणजे हवेत जड होऊ नये. यातली निम्म्याहून अधिक अक्कल माशाला फसवण्यात खर्च झालेली नाही. ती हवेला आणि माणसाच्या खांद्याला सांभाळून घेण्यात खर्च झालेली आहे. म्हणजे माशी बांधणाऱ्याला कळलेलं असतं की पहिलं गिऱ्हाईक मासा नव्हे. याउलट सशाच्या कातड्याची पट्टी बांधलेली माशी घ्या. पाण्यात तिच्यासारखी वळवळणारी दुसरी माशी नाही, प्रत्येक केस जिवंत वाटतो, पाइक तिच्यावर जीव टाकतो. पण ती एकदा भिजली की फेकताना काठीच्या टोकाला ओलं पोतेरं बांधल्यासारखं वाटतं, आणि दुपारपर्यंत गरवणारा ससेहोलपट या शब्दाला जागतो. बॉब क्लाउझर यांच्या नावाच्या माशीला डोळ्यांच्या जागी धातूचे डंबेल असतात. ती नाक खाली करून बुडते, ओढली की उसळते, खोल पाण्यात उत्तम. फक्त ते डंबेल मागून येताना डोक्याला लागतं तेव्हा टोपीचं महत्त्व पटतं. आणि लॅरी डालबर्ग यांची ‘डायव्हर’, हरणाचे केस दाबून कातरून केलेल्या डोक्याची, ओढली की बुडी मारते आणि सोडली की वर येते. उथळ, गवताळ पाण्यावर ती चालवताना पाइक खालून येऊन पृष्ठभाग फोडतो, तो देखावा पाहण्यासाठी माणसं उरलेल्या गैरसोयी विसरतात. या सगळ्या माश्यांत निवड करायची ती एका हिशेबाने: पाण्यात किती मोठी दिसते, आणि हवेत किती लहान होते. या दोन मापांतलं अंतर जितकं जास्त, तितकी माशी चांगली. अलीकडे पाणी न पिणारे कृत्रिम तंतू निघाले, त्यांनी हे अंतर आणखी वाढवलं. त्यात चकाकणाऱ्या जरीचे चार धागे मिसळले की झालं.

कुलीनांच्या डब्यात डोकावलं तर फरक कळतो. व्हिक्टोरियन काळातल्या सॅल्मनच्या माश्यांना जगभरातल्या दुर्मिळ पक्ष्यांची पिसं लागत, आणि त्यात आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणाचा थेंब सांडल्यागत ठिपक्याची पिसं अगदी मानाची. त्या पक्ष्याला यासाठी बराच त्रास सोसावा लागला. आपल्याकडून त्याची पिसं बाहेर पाठवायला बंदी आली आणि आता तिकडे पाळलेल्या कोंबड्यांवर भागवतात. गंमत म्हणजे अंडी घालायला नदीत शिरलेला सॅल्मन खाणं सोडून देतो. म्हणजे उपाशी राहण्याचा निश्चय केलेल्या माशासाठी जगातली सर्वांत महाग पिसं, आणि समोर येईल ते खाणाऱ्या पाइकसाठी हरणाची शेपटी, सशाचं कातडं आणि प्लास्टिक. हा अन्याय आहे असं मला वाटत नाही. उलट पाइकने रानकोंबड्याला मोकळं सोडलं याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. पाइक जर समोर येईल ते खातो, तर माशी निवडायची तरी कशाला? गळाला मोजा बांधून टाका. याला उत्तर असं की पाइक काहीही खातो, पण केव्हाही खात नाही. मोठा घास पोटात गेला की तो बराच वेळ गवतात पडून राहतो. थंड पाण्यात त्याचं पचन मंदावतं आणि उत्साहही. अशा वेळी तो माशीच्या मागे मागे येतो, होडीच्या कडेपर्यंत येतो, तिथे थांबून माशीकडे आणि मग वरच्या माणसाकडे पाहतो, आणि काहीही न बोलता खाली जातो. तेव्हा काठीचं टोक पाण्यात घालून माशीने इंग्रजी आठचा आकडा काढत राहावं असा शास्त्रार्थ आहे, आणि कधी कधी तो लागूही पडतो. पण या नकाराचं कारण माशीच्या डोळ्याचा रंग चुकला हे नसतं. पाइक डोळ्यांनी पाहतो आणि अंगाच्या कडेने गेलेल्या संवेदनरेषेने पाण्याची हालचाल टिपतो. त्याला माप, खोली आणि वेग कळतात. माशी हळू ओढावी, मध्ये थांबावं, गढूळ पाण्यात गडद किंवा भडक रंग, नितळ पाण्यात फिकट, थंडीत खोल, उन्हाळ्याच्या आरंभी उथळ गवतावरून. यापलीकडे त्याच्या मागण्या नाहीत. पाइकच्या माश्यांचे शेकडो प्रकार आहेत ते यासाठी की युरोपात हिवाळा लांब असतो आणि संध्याकाळी चार वाजता अंधार पडतो. माणसाने घरात बसून काहीतरी बांधत राहायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा. पाइकच पकडायचा तर आखूड काठी, फिरकीचं रीळ आणि धातूचा चमचा किंवा लाकडी मासा घ्यावा. फेकायला सोपा, लांब जातो, वाऱ्याची फिकीर नाही आणि दिवसाअखेर मासेही बहुधा जास्त. हे मी नाकारत नाही. ज्याला मासे मोजायचे आहेत त्याने माशीच्या वाटेला जाऊ नये. पण तीन-चार फूट पाणी, त्यात गवत वर येत चाललेलं, असं तळं असेल तर धातूचा चमचा थांबला की तळाला जातो आणि गवत घेऊन परत येतो. माशी थांबली की थांबते. ओढणं बंद केल्यावर ती पाण्यात अधांतरी लटकते, पिसं मिटतात, उघडतात, आणि पुष्कळ वेळा पाइक तेव्हाच येतो. अधांतरी राहणारे लाकडी-प्लास्टिकचे मासेही निघाले आहेत, हे खरं. पण त्यांच्या पोटाला तीन-तीन आकड्यांचे दोन गळ टांगलेले असतात, आणि माशीला एक. ते सहा आकडे दातांच्या त्या कपाटातून सोडवून आणायचे असतील तर फरक माशाला कळतो आणि बोटांनाही.

तिसरा आक्षेप ट्राउटवाल्यांचा, आणि तो नीतीच्या भाषेत येतो. जाड काठी, जाड दोरी, टोकाला तार. यात खिलाडूपणा कुठे उरला? हलक्या सामानाने मासा जिंकावा यात खरं कौशल्य. ऐकायला हे फार सुंदर वाटतं, आणि त्याची किंमत मासा भरतो. पाइक दिसतो रांगडा, पण दमछाक झालेला पाइक नाजूक असतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी. तिथे बारीक काठीने त्याला वीस मिनिटं घुमवलं तर सोडल्यावर तो पोहत जातो आणि नजरेआड मरतो. म्हणून जाणते लोक पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याला हातच लावत नाहीत. तारेचंही तसंच. पाइकला तारेचा संशय येतो म्हणून नायलॉनच वापरावं, असं सांगणारे भेटतात. तार पाहून बिथरेल एवढा विचार पाइकने केला असता तर त्याने भावंडं खाल्ली नसती. नायलॉन त्याच्या दातांवर तुटतं आणि वीतभर माशी त्याच्या घशात राहते, हा खरा प्रश्न आहे. फूट-दीड फूट मऊ तार, गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेला, आणि तो चिमटा लांब दांड्याचा: खिलाडूपणा म्हणतात तो इथे आहे. चिमटा विसरलेल्या माणसाने घरी परत जावं. काठी विसरलेल्याने तिथे नुसतं बसायला हरकत नाही.

ट्राउटवाल्याची आणखी एक सवय सुटता सुटत नाही. मासा लागला की तो रुबाबात काठी वर उचलतो. ट्राउटच्या मऊ ओठाला तेवढं पुरतं. पाइकने माशी हाडकुळ्या जबड्यात घट्ट धरलेली असते. काठी उचलली की ती नुसती वाकते, गळ जागचा हलत नाही, आणि पाइक आपल्या सवडीने तोंड उघडून माशी परत करतो. इथे काठी माशाकडे रोखून ठेवायची आणि डाव्या हाताने दोरी सणकून मागे ओढायची असते. म्हणजे ज्या क्षणी मासा लागतो त्या क्षणी हजारांची काठी काहीच करत नाही. काम करतो तो फुकटचा हात. काठी माशीसाठी असते, या माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला सुचत नाही.

माणसाच्या विचारातली गफलत काठीपुरती थांबत नाही. आयर्लंडमध्ये 50 सेंटिमीटरहून मोठा पाइक मारायला 2006 पासून कायद्याने मनाई आहे, कारण त्याच्यासाठी परदेशातून पाहुणे येतात. त्याच देशाच्या पश्चिमेला कॉरिब, मास्क अशा तळ्यांतून ट्राउट वाचावा म्हणून सरकारी मत्स्यखातंच पाइक काढत आलं आहे. एका तळ्यात तो पर्यटनाचा आधार, दुसऱ्यात गुन्हेगार. पाइकने स्वतः दोन्हीकडे वागण्यात काही फरक केलेला नाही.

तेव्हा खरेदीचा क्रम उलटा हवा. आधी आपल्या पाण्यात चालणारी माशी ठरवावी, तिला नेणारी दोरी घ्यावी आणि शेवटी त्या दोरीला पेलणारी काठी. दुकानात मात्र काठी आधी असते, आणि ती पारखण्याची पद्धतही ठरलेली: दोरी न ओवता, माशी न बांधता, कोरड्या फरशीवर उभं राहून ती दोनदा हवेत हलवायची, डोळे बारीक करून टोकाकडे पाहायचं आणि ‘चांगली आहे’ म्हणायचं. दुकानदारही मान डोलावतो. दोरी ओवून भिजवलेली माशी लावून दाखवा म्हणावं तर त्याची काहीच हरकत नसते, फक्त मागच्या बाजूला 50 फूट मोकळी जागा आणि एखादी बादली लागते, आणि ती व्यवस्था असलेलं दुकान शहरात नसतं.